दोरी बांधण्याआधी विचारायचं

सासर काल्हेरचं, पण दिघाशीला त्यांचं शेत आहे, तिथे अजून भात पिकतं. अर्धी जमीन गोदामांखाली गेली, उरलेल्या अर्धीत सासूबाईंच्या हट्टापायी दरवर्षी लावणी होते. दिवाळी उलटली की कापणी, मग झोडणी, मग खळ्याच्या कडेला पेंढ्याचा ढीग. त्या पेंढ्याचा कोरडा, किंचित गोडसर वास नाकात गेला की मी उजव्या हाताची बोटं उघडझाप करून बघते. सगळी हलतात. गेली कितीतरी वर्षं हलताहेत. दोन हजार सातच्या कापणीत मात्र ती हलत नव्हती, आणि का हलत नव्हती हे मी आजवर फक्त एका डॉक्टरबाईंना सांगितलं आहे.

मी भिवंडीचीच. आमच्या घरात सगळे मास्तर आणि कारकून. मी शाळेत चित्रकला शिकवते. जयेश काल्हेरचा, आगरी घरातला, घरच्या गोदामातल्या ताडपत्र्या आणि ट्रक यांच्यात वाढलेला. त्याच्या पुतणीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेसाठी शिकवायला मी त्यांच्या घरी जायचे, तिथून आमचं जमलं. लग्नानंतर आम्ही भिवंडीत एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. खाली दोन्ही गल्ल्यांत लूम, कापडाचे यंत्रमाग. दिवसभर खटखट चालायची आणि लाइट गेली की एकदम अशी शांतता पडायची की आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटायचा. लोकांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे, दार लावलं की ‘जयेश’.

आमच्याकडे तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. एकदा त्याने मला काही फोटो दाखवले. एक बाई पाठमोरी बसलेली, हात मागे, आणि दंडांवरून, पाठीवरून दोरीची मांडणी, एकसारख्या अंतराने, नीट ओढलेली. चेहरा थोडासा वळलेला, डोळे मिटलेले, दुपारच्या झोपेत असावा तसा. जपानी पद्धतीचं बांधणं आहे, शिबारी म्हणतात, तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“तुला कसं वाटतं हे?”

“विचित्र वाटतं. मला नको.”

“बरं,” तो म्हणाला आणि मशीन बंद केलं.

यानंतर मी वाट बघत राहिले. आता हा रुसेल, मग टोमणा मारेल, मग लाडात येऊन परत विचारेल, मग ‘एकदाच’ म्हणेल. माझ्या मैत्रिणींच्या, बहिणींच्या, सगळ्यांच्या गोष्टींमध्ये बायकोचं ‘नको’ ही वाटाघाटीची सुरुवात असायची. जयेशने विषय काढला नाही. आठवडा गेला, महिना गेला, गणपती आले आणि गेले. त्याच्या वागण्यात कुठे खोटही आली नाही. साधारण वर्षाने एका सकाळी तो दात घासत असताना मीच विचारलं, “ते जपानी दोरीचं काय होतं?” ब्रश तोंडात तसाच ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला.

मला ते हवंसं वाटायला लागलं होतं का? थोडं. कुतूहल जास्त होतं. पण खरं सांगायचं तर ज्या माणसाला ‘नको’ म्हटल्यावर ते वर्षभर ‘नको’च राहिलं, त्याच्यापाशी ‘बघू या’ म्हणायला धोका वाटेना.

मी मास्तरांच्या घरातली, त्यामुळे आधी वाचायला बसले. फोटो पुष्कळ होते, मजकूर थोडा. शोधता शोधता एका परदेशी बाईचं लिखाण सापडलं. ती बांधणारी नव्हती, बांधून घेणारी होती, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी तिचं सगळं वहीत उतरवलं. मानेला दोरी कधीच नाही. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून शेजारच्या खोलीतही जायचं नाही. दारू प्यायलेल्या दिवशी नाही, भांडण झालेल्या दिवशी नाही. दोरी आणि कातडी यांच्यात एक बोट सहज गेलं पाहिजे. गाठ अशी हवी की ओढलं तरी आवळत जाणार नाही. बोथट टोकाची कात्री हाताच्या अंतरावर. छताला टांगणं वगैरे फोटोंत दिसतं त्याच्या नादी घरच्या घरी लागायचंच नाही. आणि एक शब्द आधी ठरवायचा, जो उच्चारला की सगळं थांबेल.

शब्दावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी मी म्हटलं, “काल्हेर.” सासरच्या गावाचं नाव ऐकलं की कुठल्याही बाईचं कशातलंही मन उडतं. जयेश इतका हसला की त्याला ठसका लागला.

दोरी आणायचं काम त्याचं. पहिल्यांदा त्याने गोदामातली निळी नायलॉनची आणली. मी ती मनगटावरून नुसती सरकवली तर चटका बसल्यासारखा लाल पट्टा उठला. “ही ताडपत्रीला,” मी म्हटलं, “बायकोला नाही.” मग बाजारातून तागाची आली, करंगळीपेक्षा बारीक. ती नुसती हातात घेतली तरी टोचायची आणि ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. वहीत लिहिल्याप्रमाणे आम्ही ती जुन्या पातेल्यात उकळली, बाल्कनीच्या गजांना ताणून वाळत घातली. शेजारच्या भाभी त्यांच्या बाल्कनीतून बघत होत्या.

“टीचर, इतनी सारी रस्सी? कितने कपड़े सुखाओगी?”

“स्कूल का काम है भाभी,” मी म्हटलं. चित्रकलेच्या बाईला कशाचाही खुलासा करता येतो.

वाळल्यावर गॅसच्या ज्योतीवरून झरझर फिरवून तिची लव जाळली. खोबरेल लावून पाहिलं, तर आठवड्यात खवट वास यायला लागला. पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा. मग मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणलं, कापडावर दोन थेंब घेऊन सगळी दोरी त्यातून ओढून काढली. पंधरा दिवसांनी ती दोरी हातात घेतली तेव्हा जुन्या सुती साडीच्या काठासारखी लागली. या सगळ्या उठाठेवीत आमच्या जितक्या गप्पा झाल्या तितक्या लग्नाच्या पहिल्या वर्षात झाल्या नव्हत्या. काय आवडेल, काय अजिबात नको, कशाची भीती वाटते. त्याला गाठ चुकायची भीती होती. मला हसू यायची.

पहिले काही रविवार नुसती मनगटं, हात समोर, पाच मिनिटं. गादी, पाठीला लोड, गुडघ्यांखाली उशी, पंखा दोनवर, पाणी जवळ. तो सराव खुर्चीच्या पायावर करायचा. माझ्या अंगावर दोरी आली की तिचा हलका, सारखा दाब कळायचा. श्वास आपोआप मोठा व्हायचा. दिवसभर मुलांच्या मागे धावणारं डोकं एका जागी बसायचं. बाकीचं जे सुख होतं ते आमचं आहे, ते सांगत बसत नाही.

दोन हजार सातच्या नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी त्याने नवीन बांधायला घेतलं. हात मागे, दंडांवरून दोन फेरे, छातीवरून परत मागे. महिनाभर त्याने सराव केला होता. मांडणी सुरेख आली असणार, कारण तो मागे सरकून नुसता बघत होता, चित्र पूर्ण झाल्यावर मी बघते तसा.

“बरं वाटतंय ना?”

“हो.”

दहाएक मिनिटांनी उजव्या अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या आल्या. मला वाटलं, मांडी घातल्यावर पायाला येतात तशा असतील.

“ठीक आहेस ना?”

“हो.”

मुंग्या गेल्या. मला बरं वाटलं. तेव्हा कळलं नाही की मुंग्यांबरोबर तिथली जाणीवही गेली होती. त्याचा चेहरा इतका समाधानी होता की मी म्हटलं, अजून थोडा वेळ. असं म्हणायला मला कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना मीठ जास्त झालं तरी ‘छान आहे’ म्हणायचं, बूट लागत असले तरी वरात संपेपर्यंत चालायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की मी ते चांगुलपण समजत होते.

सोडल्यावर हात पुढे आला. पंजा मनगटातून खाली लोंबत होता. मी तो उचलायला गेले, तो उठेना. बोटं सरळ करायला गेले, ती होईनात. दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या कुणाचा हात माझ्या खांद्याला लावल्यासारखा वाटत होता. जयेशने दंड चोळला, बोटं चोळली. “येईल आत्ता, येईल,” तो म्हणत होता. पाच वाजले तरी आलं नाही. कात्री उशाशी तशीच पडली होती. ठरलेला शब्द उच्चारून ती मागायची ती मी, आणि मी ‘हो, हो’ म्हणत बसले होते.

जवळच्या हाडांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. रविवार असूनही त्या वरच्या मजल्यावरून खाली आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं तोडून. त्यांनी पंजा वर उचलायला सांगितला, अंगठ्यामागे सुईचं टोक टेकवून विचारलं, मग ब्लाउजची बाही जरा वर सरकवली. दंडावर दोरीचे दोन फिके पट्टे होते. त्यांनी जयेशकडे पाहिलं.

“समोरच्या मेडिकलमधून मनगटाचा पट्टा घेऊन या. हे माप.”

तो गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं.

“कुणी बांधलं?”

मी येताना रिक्षात ‘झोपेत हात दबला’ असं ठरवलं होतं. ते तोंडातून निघेना.

“मिस्टरांनी.”

“तुम्ही नको म्हणाला होतात?”

“नाही. मी हो म्हटलं होतं. आम्ही दोघांनी ठरवून केलं.”

“हे तो आता परत येईल म्हणून सांगताय?”

“नाही.”

“तुम्ही नको म्हटलं असतं तर?”

“मागे एकदा म्हटलं होतं. वर्षभर त्याने विषय काढला नाही.”

त्यांनी टेबलावरचा कागद जवळ ओढला. त्यावर एक दंड काढला, हाडावरून वळून जाणारी एक रेघ ओढली. चित्र म्हणून वाईट होतं, पण मला लगेच समजलं. पंजा वर उचलणारी नस दंडाच्या बाहेरच्या अंगाने, हाडाला अगदी टेकून जाते. तिथे वर मांस फार नसतं. दोरी नेमकी तिच्यावर बसली होती. पाच-सहा आठवड्यांत बहुतेक परत येईल, पट्टा घालायचा, बोटांचे व्यायाम करायचे, दोन आठवड्यांनी दाखवायचं.

“बहुतेक म्हणजे?”

“बहुतेक म्हणजे बहुतेक. अजून थोडा वेळ राहिलं असतं तर हेही म्हटलं नसतं.” मग त्या म्हणाल्या, “माझ्याकडे पाय घसरून पडलेल्या बायका फार येतात. त्यांच्यातली एखादीच खरं सांगते. तुम्ही सांगितलंत म्हणून मला दहा मिनिटांत कळलं. आता एक सांगा. मुंग्या आल्या असतील ना आधी?”

“आल्या होत्या.”

“मग बोलला का नाहीत?”

जयेश पट्टा घेऊन आला तेव्हा मी रडत होते, आणि तो दारातच उभा राहिला, आत यायची परवानगी मागत असल्यासारखा.

शाळेत आणि सासरी मी ‘झोपेत दबला’ असंच सांगितलं; शाळेत ते चाललं. मी डाव्या हाताने फळ्यावर आंबा काढला, पोरांनी त्याला वांगं म्हटलं. प्रश्न दिघाशीचा होता. कापणीला सगळ्यांनी जायचा रिवाज, आणि न जाण्याला सासूबाई फक्त बाळंतपण हे कारण मानायच्या. मी पट्टा घालून बांधावर बसले. बायका ओळीने वाकून कापत होत्या, कापलेलं भात मागे पसरत होतं. जेवायच्या वेळी भाकरीचा तुकडा माझ्या बोटांत राहीना. सासूबाई आल्या, शेजारी बसल्या, त्यांनी भाकरी कुस्करून वाटीत घातली आणि चमचा माझ्या डाव्या हातात दिला. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या,

“माज्या पोरान हात टाकला का गो तुज्यावर?”

“नाही हो आई.”

“न्हाय म्हंतीस तं माज्या डोल्यांत बगून सांग. मी तेच्या बापाबरोबर चोवीस वर्सा काढली. हात कसा पन मोडला तरी मी पन झोपेतच दबला म्हनायची.”

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांना सगळं सांगता येण्यासारखं नव्हतं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं होतं आणि ते मी दिलं. “तुमच्या मुलाने माझ्यावर कधीही हात उचललेला नाही. माझ्या मनाविरुद्ध बोटसुद्धा लावलेलं नाही.” “मंग बरा हाय,” म्हणाल्या आणि पदराने माझी हनुवटी पुसली, तिथे आमटी लागली होती.

आठ दिवसांत मला दोन बायकांनी तोच प्रश्न विचारला होता, दोघींनी बाजूला घेऊन, आवाज खाली आणून. त्या कशाची राखण करत होत्या ते मला समजत होतं. त्यांना मी काय सांगितलं याच्यापेक्षा त्यांनी विचारलं हे अजून आठवतं.

सासूबाईंचं समाधान मात्र माझ्या उत्तराने पुरतं झालं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी खळ्याच्या पलीकडे नेऊन जयेशलाही विचारलं. येताना गाडीत, भिवंडी जवळ आल्यावर, त्याने मला ते सांगितलं. “आईने विचारलं, बापासारखा झालास का.”

“तू काय म्हणालास?”

“न्हाय म्हटलं.” मग म्हणाला, “पण हात तर गेलाच ना तुझा.”

घरी आल्यावर त्याने दोऱ्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या.

माझी बोटं चौथ्या आठवड्यात परतायला लागली. आधी अंगठा एका सकाळी वर झाला, शाबासकी दिल्यासारखा. मग मनगट. संक्रांतीला मी दोन्ही हातांनी तिळगुळाचे लाडू वळले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडून पेन्सिलने एक सरळ रेघ काढून घेतली आणि म्हणाल्या, “आता यायचं नाही माझ्याकडे.” ‘बोलला का नाहीत’ या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी तोवर शोधून ठेवलं होतं, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते जयेशला सांगितलं.

“तू ‘बरं वाटतंय ना’ असं विचारतोस. त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच असतं. मला फक्त ‘हो’ची जागा भरायची असते.”

“मग कसं विचारू?”

“अंगठ्याला काय वाटतंय, असं विचार. मूठ उघड म्हण, मनगट वर कर म्हण. म्हणजे मला खोटं बोलता येणार नाही. आणि माझं म्हणशील तर, मी सांगायला शिकते. मुंगी आली तरी सांगेन.”

त्याने ऐकून घेतलं. मी म्हटलं, “पुढच्या रविवारी?”

“न्हाय,” तो म्हणाला. “मला नको.”

आणि मग माझं वागणं बघण्यासारखं होतं. मी रुसले. दोन दिवसांनी टोमणा मारला. आठवड्याने लाडात येऊन ‘फक्त मनगटं’ म्हटलं. हात माझा गेला होता, मी विसरायला तयार आहे, मग याला काय झालं? मी सगळं तेच करत होते ज्याची मी त्याच्याकडून वर्षभर वाट पाहिली होती आणि जे त्याने केलं नव्हतं. ‘तुला माझी भीती वाटते का?’ असंही विचारलं. तो म्हणाला, “तुझी न्हाय. माझ्या हाताची.” त्याच्या लहानपणी घरात काय काय झालं ते त्या दिवशी त्याने पहिल्यांदा सांगितलं. बापाने आईला एकदा पडवीच्या खांबाला बांधलं होतं. तो सहा वर्षांचा होता. फोटोंतली दोरी आणि ती दोरी यांचा संबंध त्याच्या डोक्यात तोवर कधी आला नव्हता, किंवा आला असेल तर त्याने येऊ दिला नव्हता. आईच्या त्या एका प्रश्नाने दोन्ही दोऱ्या एकमेकींना लागल्या.

समजूत घालायला शब्द होते माझ्याकडे, भरपूर. ‘ते वेगळं, हे वेगळं’, हे मला व्याख्यान देऊन सांगता आलं असतं. पण ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं होतं. मी विषय सोडला, आणि या वेळी खरंच सोडला. बांधून घेणाऱ्यालाच तेवढं ‘नको’ म्हणायचा हक्क असतो, असं मी समजत होते. माझ्या वहीतही तसंच होतं. बांधणाऱ्याच्या नकाराबद्दल त्या परदेशी बाईनेही काही लिहिलं नव्हतं, किंवा मीच ते उतरवलं नव्हतं.

होळीच्या आसपासचा रविवार. दिघाशीचा पेंढा विकून झाला होता, शेतं उघडी पडली होती. दुपारी लाइट गेली आणि लूम बंद पडल्या. मी पोरांचे कागद तपासत होते. जयेश माळ्यावरून एकच दोरी घेऊन आला आणि माझ्यासमोर बसला.

“डावा हात. फक्त मनगट. दहा मिनिटं.”

“तुला हवंय?”

“बघायचंय मला. मध्येच नको वाटलं तर मी सोडणार. चालेल?”

“चालेल.”

त्याने दोन फेरे घेतले, बोट घालून बघितलं. “मूठ उघड.” मी उघडली. “मनगट वर.” वर केलं. “अंगठ्याला काय वाटतंय?” “काही नाही, दोरी थोडी गार आहे.” खालच्या गल्लीत कुणीतरी पोराला हाका मारत होतं, एवढाच आवाज. तीनेक मिनिटं झाली असतील. माझ्या अंगात ते जुनं, ओळखीचं सैलपण उतरायला लागलं होतं, तेवढ्यात तो म्हणाला, “बस.”

माझ्या घशाशी ‘आत्ताच?’ आलं होतं. मी ते गिळलं.

“बरं,” मी म्हटलं.

त्याने दोरी सोडली, माझं मनगट दोन्ही हातांत धरून उलटसुलट करून पाहिलं. डोळे भरलेले होते, पण चेहरा मोकळा होता. मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. तो सगळं पाणी प्यायला. लाइट आली, पंखा फिरला, आधी एक लूम सुरू झाली, मग सगळ्या.

“पुढच्या रविवारी?” मी त्या खटखटीवर आवाज चढवून विचारलं.

“तेव्हा विचार,” तो म्हणाला. “तेव्हा सांगेन.”